समयांची बातमी

सोमवार, १० नोव्हेंबर

पोदेराविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी इथे रीतसर नोंदवून ठेवतो. सकाळी भोंगा वाजवत तो पावांची टोपली घेऊन सायकलवरून आमच्या वाड्यावर येतो. वाटेत आधी आमचं घर लागतं, मग श्रीनाथचं. भूगोल इतका स्पष्ट असताना हा गृहस्थ आमच्या दारावरून सरळ पुढे जातो, श्रीनाथच्या दारापुढच्या बाल्कांवात बसून घोटभर चहा घेतो आणि परतताना आम्हाला उंडे देतो. म्हणजे श्रीनाथचे उंडे गरम, आमचे कोमट. सुविधा म्हणते, "अहो, पाच मिनिटांत पाव थंड होता काय?" प्रश्न तापमानाचा नाही, क्रमाचा आहे. फोंड्याकडच्या पाठशाळेत सहा वर्षं व्याकरण आणि न्यायशास्त्र घोकलेल्या माणसाला क्रम कळतो. बायकोला पाव कळतो.

श्रीनाथ लहानपणी शाळेत माझ्याच बाकावर होता. संस्कृतात दोनदा आपटला. पुढे खनिजाचे ट्रक घेतले, खाणी बंद पडल्यावर विकले, आता चिरे-सिमेंटचं दुकान आहे. लोक त्याला 'श्रीनाथबाब' म्हणतात. मी एकोणीस वर्षं डिचोलीचा वार्ताहर आहे. मला 'पेपरवाले' म्हणतात, जणू मी पेपर टाकतो.

आज बातमी मिळाली. आमच्या देवळाची पाळी दर वर्षी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाते. यंदा ती कृष्णनाथकडून प्रभावतीबाईंकडे आली. त्यांनी काल कपाट उघडलं तर दोन मोठ्या पितळी समया जागेवर नाहीत. कृष्णनाथ लेकीकडे वास्कोला गेलाय, फोन उचलत नाही. मी लिहायला बसलो तोच श्रीनाथ कुंपणावरून म्हणाला, "पंडिता, जत्रेआधी समया उजळूंक धाडतात मरे. डिचोलीत कासारांचीं तीन दुकानां. स्कूटरान धा मिनिटां. विचारून ये."

मी जाणारच होतो. पण चिरे विकणारा माणूस मला बातमी कशी काढायची ते शिकवणार म्हटल्यावर गेलो नाही. पोलिसांना फोन केला. तक्रार आलेली नाही एवढंच हवालदार म्हणाला. मग चार ओळी पणजीच्या कचेरीला पाठवल्या. चौथी ओळ: 'याप्रकरणी संशयाची सुई परप्रांतीयांकडे वळत असल्याचे ग्रामस्थांत बोलले जाते.'

ग्रामस्थांत मीही येतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

छापून आली. पान पाच, तळाशी, 'डिचोली (प्रतिनिधी)'. माझा भाचा रुद्रेश याने तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. औषधांच्या कारखान्यात कामाला आहे, पण साहित्याची जाण आहे. दुपारपर्यंत एकशे बारा अंगठे. "मामा, भारी!" असं त्याने मला वेगळं कळवलं.

श्रीनाथने पेपर वाचून घडी घातली. "बोलले जाते म्हणजे? कोण बोलला?"

"ही बातमीची भाषा आहे."

"ती शेवटची ओळ काढूंक जमत नाय?"

"छापलेलं काढत नाहीत, श्रीनाथ."

त्याने पेपर माझ्या हातात ठेवला. मला वाटतं, अंगठ्यांचा आकडा त्याच्या कानावर गेला असावा. मत्सर हा षड्रिपूंतला सहावा, पण काही लोकांत तो रांग मोडून पुढे येतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल संध्याकाळी पाचच्या सुमाराला चहाच्या गाड्याजवळ पाच पोरांनी अशोक गवंड्याला धरलं. अशोक मूळचा बेळगाव जिल्ह्यातला, अकरा वर्षं खालच्या वाड्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. बायको शेवंता काजूच्या कारखान्यात बी निवडते. "समया खंय लिपयल्यात, घाटी?" असं पोरांनी विचारलं. तो म्हणाला, "कसल्या समया?" हे उत्तर त्यांना उद्धट वाटलं. बांबूने त्याचं उजवं मनगट मोडलं. मग खोलीत शिरून शेवंताची भांडी अंगणात फेकली. त्याला तपासणी म्हणाले.

श्रीनाथ दुकानातून घरी येत होता. त्याने स्कूटर पोरांच्या मधोमध घातली, अशोकला पोटाशी धरलं आणि तसाच उभा राहिला. एक दांडा त्याच्या खांद्यावर बसला. "मारा," म्हणाला, "पण आधी माका सांगा, समया चोरताना हेका कोणें पळयला?" कोणीच पाहिला नव्हता. पोरं पांगली.

मी अर्ध्या तासाने पोचलो. पाच पोरांत रुद्रेश होता. पोलिसांनी आज गुन्हा नोंदवला. बहीण फोनवर इतकी रडली की मला एक शब्दही लिहून घेता आला नाही.

आणि आजचा दुसरा पेपर! पहिलं पान, चार कॉलम, श्रीनाथचा फोटो, खांद्याला पट्टी. मथळा: 'माणुसकीची ढाल'. बातमी माझ्या गावची, ढाल माझ्या शेजारची आणि पेपर दुसऱ्याचा. माझी बातमी आमच्या पेपरात पान सातवर, पाणीकपातीच्या शेजारी. फोटोत श्रीनाथचं पोट आत घेतलेलं दिसतं. ढालीला पोट नसावं हे त्याला नेमकं त्या क्षणी सुचलं, याचं मला कौतुक वाटतं.

सुविधाने ते पान कापून ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "असूंदे."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कृष्णनाथ वास्कोहून आला. वाटेत डिचोलीला कासाराकडे उतरून समया घेऊन आला, गोणपाटात गुंडाळून, लखलखीत. देवळाच्या पायरीवर ठेवून म्हणाला, "दर वर्सां धाडतां. माका वाटलां, तुमकां खबर आसतली." त्याला झाला प्रकार सांगितला तेव्हा तो त्याच पायरीवर बसला.

धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान. धूर म्हणून जे दिसलं ते धुकंच असेल तर त्या चुकीला शास्त्रात नाव आहे. पाठ होतं. आज लिहावंसं वाटत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

समया छान उजळल्या आहेत.

रविवार, १६ नोव्हेंबर

देवळाच्या मंडपात सभा झाली. इतकी माणसं जत्रेलाही नसतात. शेवंता आली ती कापडी पिशवी भरूनच. मधे उभी राहून म्हणाली, "आमी उद्या जातोय गावाकडं. कुनावर राग न्हाई. खोलीची किल्ली कुनाकडं द्याची तेवडं सांगा."

किल्ली घ्यायला कोणी हात पुढे केला नाही. खोलीच्या मालकानेही नाही.

श्रीनाथ उठला. त्याला भाषण येत नाही, हे मी मत्सराने नव्हे, चाळीस वर्षांच्या निरीक्षणाने लिहितो. तो म्हणाला, "अशोकाचो हात पाच पोरांनी मोडलो, तो पोलीस पळयतले. कोणेंय केस मागे घेवंक सांगूंक जावचां नाय, माझो सोयरो आसूं, तुमचो आसूं. पण पोरांक 'घाटी' म्हणूंक आमी शिकयलां. माझ्याच ट्रकार मी धा वर्सां म्हणी. तेवढो हात आमचो."

एवढ्या मोडक्या वाक्यांना एवढी शांतता मिळते आणि मी लिहिलेल्या भाषणांत लोक चप्पल शोधतात.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "पेपरान लिहिलेलां! पेपरवाल्यांक विचारा, कोणें लिहिलां तां!"

माना वळायला लागल्या. तेवढ्यात श्रीनाथ म्हणाला, "बातमी पणजेच्या मेजार तयार जाता. थंय कोण कितें जोडटा, आमकां खबर ना. आमी वाचली आणि खरी मानली, तां आमचां."

हे मला लागलं. एकोणीस वर्षं या तालुक्याची प्रत्येक बातमी मी स्वतः लिहितो, आणि हा भर सभेत सांगतो की ती पणजीच्या मेजावर तयार होते! एका वाक्यात माझी सगळी कारकीर्द पुसली. दुरुस्ती करायला मी उठणार होतो, पण सुविधाने माझी बाही धरली आणि सभा संपेपर्यंत सोडली नाही. तिची बोटं गार होती.

शेवटी विठ्ठलकाकांनी ठरवलं. देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात. वाड्याचं गाऱ्हाणं घालायचं तर बारा मूळ घरांची नावं घेतात, बाकीचे त्यात नसतात. भाड्याने राहणारी तेरा बिऱ्हाडं आहेत, काही वीस-वीस वर्षांची, पण त्यांचं नाव देवाच्या कानावर कधी गेलेलं नाही. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी पंचवीस घरांची नावं एका दमात घेणार. प्रत्येक घरातल्या एकाने समोर उभं राहून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की त्या घराने यातल्या कोणावर हात टाकायचा नाही, दुसऱ्याला टाकू द्यायचा नाही आणि ऐकीव गोष्ट विचारल्याशिवाय पुढे न्यायची नाही. तोवर रोज दोन घरांनी शेवंताच्या अंगणात संध्याकाळी बसायचं.

शेवंता किल्ली परत घेऊन गेली. त्या सोमवारपर्यंत, म्हणाली.

गाऱ्हाण्याचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. श्रीनाथनेच सुचवलं. दया दाखवायची ही त्याची पद्धत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज एक दुवा हाती लागला. श्रीनाथच्या घराची कुंपणभिंत अशोक बांधत होता. म्हणजे हेतू! गवंडी मोडला तर भिंत कोण बांधणार? ढालीच्या मागे भिंत आहे. मी वही घेऊन अशोककडे गेलो.

तो अंगणात बसला होता, हात प्लास्टरमध्ये. मी आडून आडून भिंतीचा विषय काढला.

"न्हाई ओ सायब," तो म्हणाला. "त्येंची भिंत मागच्या शिमग्यालाच सपली की. त्येनी पलीकडनं जात हुते, आडवं पडले. मला म्हैतच न्हवतं त्यास्नी माजं नाव ठाव हाय म्हनून."

दुवा निखळला.

शेवंताने चहा दिला. "कप सगळी फुटल्यात. वाटीतनं घ्या." मी वाटीतून घेतला.

अशोक म्हणाला, "सायब, तुमी पेपरातलं. कोन लिवलं ते तुमाला कळंल की. एकदा भेटवा मला. भांडाय न्हाई. हात हाय कुटं भांडाय! नुस्तं विचारायचं हाय, आमच्याकडं बोट कुनी दाखवलं."

मी म्हणालो, "त्या बातमीत तुझं नाव नव्हतं, अशोक."

"नाव असतं तर येकटा अडकलो असतो. न्हवतं म्हनून आमी समदीच आलो की त्येच्यात."

"चौकशी करतो," मी म्हणालो.

शेवंता मोरीपाशी भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "करतील ओ ते. चांगली मानसं हाईत. त्येंच्या बाईंनी परवा दोन पातेली आनून दिली."

सुविधाने मला हे सांगितलेलं नाही. आमची दोन पातेली दोन दिवसांत दिसली नाहीत, हे मात्र खरं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मजकूर तयार केला. सव्वा पान. 'मानवी प्रतिष्ठेच्या अखंड दीपशिखेस साक्ष ठेवून' अशी सुरुवात होती. विठ्ठलकाकांनी चष्मा वर-खाली करून वाचला आणि म्हणाले, "बरां लिहिलां रे. पण देवाक इतकां संस्कृत समजता काय?" चार वाक्यं ठेवली, ती श्रीनाथने बोललेली. माझं त्यात राहिलं ते 'आणि'.

संध्याकाळी श्रीनाथच्या बाल्कांवात गेलो. स्पष्टच विचारलं, "सभेत माझं नाव का घेतलं नाहीस? सगळं पणजीच्या मेजावर ढकललंस."

त्याने पट्टीखालचा खांदा चोळला.

"तुका हवां आसलां?" तो म्हणाला.

मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. एकोणीस वर्षांच्या कामाची नोंद...

"पंडिता, घरा वच. सुविधावहिनी वाट पळयता."

उत्तर टाळण्याची त्याची जुनी सवय. संस्कृतच्या पेपरातही असंच करायचा, कोरं पान ठेवून उठायचा.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी दहाला गाऱ्हाणं. सभामंडपाच्या एका बाजूला बारा घरं, दुसऱ्या बाजूला तेरा, अशी माणसं आपोआप उभी राहिली होती. विठ्ठलकाकांनी आधी ती मिसळली. "सरका, सरका. देव दोन खेपा मान वळोवचो नाय."

मग सुरुवात केली. "हे देवा म्हाराजा! आज ह्या वाड्यावयलीं पंचवीस घरां तुझ्या पायाकडे उबीं आसत..."

"व्हय म्हाराजा!"

एकेक घर. कृष्णनाथ. प्रभावती. श्रीनाथ. मग आमचं; सुविधा पुढे होती, तीच म्हणाली. मग "अशोक गवंडी आणि तेची बायल शेवंता, अकरा वर्सां ह्या वाड्यार घाम गाळतत..." शेवंताने पदर तोंडावर दाबला. 'व्हय म्हाराजा' तिच्याने म्हणवेना. शेजारच्या घरच्या बायका म्हणाल्या, ती मागून पुटपुटली.

शेवटी काका म्हणाले, "ज्याच्या हातान अपराध घडलो, तेणें नारळ दवरचो आणि आपल्या तोंडान सांगचां."

रुद्रेश पुढे आला. कोर्टात तो उभा राहणारच आहे, वकिलाने त्याला कुठेही काही बोलू नकोस असं बजावलेलं आहे. नारळ ठेवला. मग म्हणाला, "अशोकाक मी मारलो. बांबू माझ्या हातात आसलो. तेणें काय करूंक नासलां." त्याच्यामागे आणखी दोघे आले. बाकीचे दोघे आलेच नव्हते.

अशोकने रुद्रेशचा नारळ डाव्या हाताने उचलला. माफ केलं, असं काही म्हणाला नाही. "जड हाय ओ," एवढंच म्हणाला आणि नारळ खाली पडू नये म्हणून रुद्रेशनेच तो खालून धरला. माझी बहीण खांबाला टेकून रडत होती, पण त्या फोनवरच्यासारखी नाही. माणसं बाजूला होऊन तिला जागा करून देत होती.

"आणखी कोण?" काकांनी विचारलं. तो विधीचाच भाग आहे, तीनदा विचारतात.

मी वहीत टिपणं घेत होतो.

"आणखी कोण?"

श्रीनाथ समोर होता. सगळे इकडेतिकडे बघत होते. तो तेवढा जमिनीकडे बघत होता, मुद्दाम, माझ्या बाजूला नजर जाऊ नये म्हणून.

"आणखी कोण?"

"व्हय म्हाराजा," म्हणून गाऱ्हाणं संपलं. प्रसादाला खोबरं होतं.

शेवंताने किल्ली दिली नाही. हात बरा होईस्तोवर राहतो म्हणाली, फुडचं फुडं.

मला रुद्रेशचा हेवा वाटला. हे मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पोराला नोकरी जाण्याची भीती आहे, डोक्यावर केस आहे, आणि मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या हातात बांबू होता. तो सगळ्यांना दिसला होता. त्याला 'मी' म्हणता आलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी अशोक दारात आला होता. उभ्या उभ्याच विचारलं, "सायब, लागला काय पत्त्या?" मी म्हणालो, अजून नाही. "सावकाश बगा," म्हणाला. सुविधा आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने मला चहा दिला.

आता सरळ लिहितो. त्या दिवशी कासाराकडे मी गेलो नाही, कारण जा असं श्रीनाथने सांगितलं. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. आणि चौथी ओळ कोणी बोललं नव्हतं, कोणी सांगितली नव्हती. ती माझ्या हातून सवयीने गेली, एकोणीस वर्षं जाते तशी.

श्रीनाथला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सुविधालाही. दोघंही कधी सांगणार नाहीत. म्हणजे अशोकला सांगायचं ते मलाच.

मी सांगेन असं मला वाटत नाही. मला भीती वाटते ती याची.